यिल्डूची मान

१३ एप्रिल, शनिवार

आज दांड्याच्या उड्यांच्या हंगामातला पहिला सराव. कालव्यावर हिरवी साय धरली आहे, तीत बदकांची पिसं आणि पोट फुगून वर आलेला एक मासा. डुर्क म्हणाला, "गेल्या वर्षापेक्षा पाणी बरं आहे." डुर्क आमच्या क्लबचा अध्यक्ष. सगळा जन्म गोठ्यात गेला, त्याच्या 'बरं'ला काय अर्थ आहे?

माझी लेक यिल्डू चांगली धावली. फळ्यांवरून सुसाट आली, पाण्यात उभ्या केलेल्या दांड्यावर झेप घेऊन बिलगली आणि दांडा पलीकडच्या वाळूकडे कलायला लागला तशी सरसर वर चढली. हात, गुडघे, पावलं, सगळं जिथल्या तिथे. मी उडणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या काठावर, पंपाच्या खोलीजवळ, दुधाचा रिकामा कॅन पालथा घालून बसले होते. माझी नेहमीची जागा. मनात म्हटलं, यंदा नाही करणार. आणि शेंड्याशी पोचल्यावर तिनं केलंच. मान डावीकडे फिरवली.

मान फिरली की खांदा फिरतो आणि खांदा फिरला की दांडा तिरका पडतो. उडी सोळा मीटर दहा. मान सरळ असती तर सतरा कुठे गेले नव्हते.

ही मान तिच्या बापाची. हिल्के उडायचा तेव्हा शेंड्यावरून गर्दीकडे बघून दात काढायचा. डाव्या काठावर बिअर मिळायची आणि बिअरपाशी पोरी उभ्या असायच्या. आमच्या गावात माणूस चेहऱ्यावरून नाही, चढण्यावरून ओळखतात. तीन शेतं पलीकडच्या बांधावरून म्हातारे सांगतात, हा अमक्याचा नातू, ही तमक्याची भाची. आज त्यातला एक म्हणालाच, "वित्स्के, पोरगी तुझी खरी, पण मान हिल्केची. वळणाचं पाणी वळणालाच जायचं."

माझ्या तोंडाला कडू चव आली. बारा वर्षं झाली तो माणूस घरातून जाऊन, आणि अजून माझ्या लेकीच्या मानेवर बसला आहे.

७ मे, मंगळवार

दिवसभर घरोघरी म्हाताऱ्यांचे पाय. आत वाढलेली नखं, भोवऱ्या, बोटांच्या बेचक्यांतला पांढरा चोथा. लोकांना वाटतं सवय होते. होत नाही. फक्त चेहऱ्याला होते. पायाचं बँडेज सोडताना माणूस आपल्या पायाकडे बघत नाही, तो माझ्या तोंडाकडे बघतो. तिथं त्याला कळतं, कितपत वाईट आहे. म्हणून मी चेहरा बशीसारखा कोरा ठेवते. बोटेमाबाई आज म्हणाल्या, "वित्स्के, तुझ्या तोंडाकडे बघितलं की माझी जखम निम्मी बरी होते." त्यांच्या अंगठ्याला इतकी दुर्गंधी होती की मी रस्त्यावर येऊन मगच श्वास घेतला.

घरी आले तर यिल्डू स्वयंपाकघरात, पाय खुर्चीवर. जेवायच्या खुर्चीवर. पावलाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, चढताना पकड यावी म्हणून सगळेच गुंडाळतात. रबर, घाम आणि कालवा यांचा एकत्र वास.

"मेम, टाच जरा बघतेस? चिरलीय वाटतं."

"दिवसभर लोकांचे पाय धरते मी. घरात तरी पाय नकोत."

"बरं," म्हणाली आणि पाय खाली घेतला. मग थोड्या वेळानं, पाव कापता कापता, "हाइटचा फोन आला होता."

आमच्याकडे आई म्हणजे मेम आणि बाप म्हणजे हाइट.

"म्हणतो, पुढच्या हंगामापासून आमच्या क्लबात ये. माझ्या वजनाचा नवा दांडा आहे त्यांच्याकडे. राहायलाही जागा आहे म्हणे, वरची खोली."

"मग जा की."

"जाते म्हटलं का मी? म्हटलं, ऑगस्टच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिनात आले, तर आहे तिथंच बरी आहे. नाही आले, तर येते."

म्हणजे प्रश्न एवढाच आहे. ती मान सरळ झाली तर लेक माझ्याकडे, नाहीतर त्याच्याकडे. ज्याची खोड, त्यालाच बक्षीस. आणि वरची खोली म्हणे. त्या खोलीत रूलीची कुत्री झोपते, मला माहीत आहे. रूली म्हणजे त्याची आताची बायको. साखरपाव सुद्धा कुत्रीबरोबर वाटून खाते.

२५ मे, शनिवार

ग्रोनिंगनच्या विद्यापीठातून मरैन नावाची एक बाई आली. तिशीची असेल. दोन्ही काठांवर कॅमेरे लावले, पोरांच्या अंगावर चकचकीत गोळ्या चिकटवल्या. तिला शोधायचंय की सगळ्या चांगल्या उडणाऱ्यांत सारखं काय असतं आणि प्रत्येकाचं आपलं आपलं काय असतं. डुर्क हरखून गेला आहे. त्याला वाटतं, त्या सारख्याचा एक साचा मिळाला की पोरं विटांसारखी पाडता येतील.

मरैन बोलायला बरी आहे. दुपारी तळलेले मासे होते. ज्या हातांनी पोरांच्या ओल्या पाठीवरच्या गोळ्या काढल्या, त्याच हातांनी तिनं ते खाल्ले. आणि बोटं चाटली. मी माझा मासा डुर्कला देऊन टाकला.

"दांडा उभा होईपर्यंत सगळे जवळजवळ एकसारखे चढतात," ती सांगत होती. "शेवटच्या क्षणाला मात्र प्रत्येकजण आपला आपला होतो. तुमची यिल्डू तर लाखात ओळखू येईल."

"मानेवरून ना? ती बापाची."

"अस्सं? सिद्ध झालंय का हे?"

"गावाला विचारा," मी म्हटलं. डुर्कनं तोंडात मासा असतानाच मान डोलावली.

१२ जून, बुधवार

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे? बोटेमाबाईंच्या कपाटात त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा मानेचा पट्टा होता. स्पंज पिवळा पडलेला, आत एक पांढरा केस. मी तो दोनदा उकळला आणि संध्याकाळी यिल्डूच्या गळ्यात घातला.

"मेम, ह्यात म्हातारा वास येतोय."

"उकळलाय."

"म्हणजे उकळलेला म्हातारा." पोरं हसली. तीही हसली, पण पट्टा काढला नाही. माझं ऐकते ती, हे मला मान्य करायला हवं. बावीस वर्षांची झाली, तरी फळ्यांवर उभी राहिली की आधी माझ्याकडे बघते, मी हात वर केल्याशिवाय धाव घेत नाही.

पट्ट्यामुळे तिला पुढची वाळूच दिसेना. दांडा मध्यावर आला, तिथंच घुटमळला आणि मागे फिरला. ती पाठीवर पाण्यात पडली. वर आली तेव्हा तोंडातून शेवाळ लोंबत होतं. मला तिथं धावत जायला हवं होतं. मी गेले, पण आधी तोंड फिरवलं. ते आपोआप होतं, त्याला मी काय करू?

१४ जून, शुक्रवार

दोन दिवस यिल्डूला उलट्या. कालव्याचं पाणी पोटात गेलं. परवा येतानाच गाडीत ओकली. मी सीटवर नेहमी प्लॅस्टिक घालते म्हणून वाचले, नाहीतर गाडी विकावी लागली असती. बादली धरून रात्रभर बसले होते. आई आहे, बसणारच. पण किळस ती किळस.

पहाटे ती म्हणाली, "मेम, असं तोंड नको करूस ना."

"कसलं तोंड?"

"काही नाही. जा, झोप तू."

तापात होती. पट्टा मी कचऱ्यात टाकला. बोटेमाबाईंना काय सांगायचं ते नंतर बघू.

३ जुलै, बुधवार

आज नेमकी हिल्केच्या गावी स्पर्धा आणि नेमका आजच बोटेमाबाईंचा अंगठा काळा पडला. फोनवर रडत होत्या. मी यिल्डूला म्हटलं, डुर्कबरोबर जा. पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय उडायला गेली. बोटेमाबाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्यांच्या पायाचं पाणी माझ्या बाहीवर सांडलं. तिथंच बेसिनपाशी उभी राहून बाही धूत असताना डुर्कचा फोन.

"वित्स्के, सतरा मीटर पाच. आयुष्यातली सगळ्यात लांब. आणि मान बाणासारखी सरळ."

मी म्हटलं, "वारा कुठला होता?"

"वारा कसला? पान हलत नव्हतं."

म्हणजे बाप समोर बघत होता म्हणून. आणखी काय असणार? एवढी वर्षं चिखलात मी उभी राहिले, पण उडी राखून ठेवली त्याच्यासाठी. संध्याकाळी घरी आली तेव्हा अंगाला रूलीच्या घरचा वास, कुत्रीचा आणि मेणबत्तीचा. गळ्यात हात टाकायला आली. मी म्हटलं, "आधी अंघोळ कर." तिचे हात तसेच खाली आले.

अंघोळीला गेली, खूप वेळ बाहेर आली नाही. पाणी फुकट आहे का?

२० जुलै, शनिवार

मरैन तिचे निष्कर्ष घेऊन आली. क्लबच्या खोलीत, जिथं खिडकीत मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो. पडद्यावर काड्यांची माणसं चढत होती. खरंच, दांडा उभा होईपर्यंत सगळी एकाच आईची लेकरं वाटत होती. मग यिल्डूची काडी डावीकडे वळली. चेहरा नाही, केस नाहीत, नुसती काडी, तरी मला ओळखायला पळभर लागलं नाही. 

मरैननं मला बाजूला घेतलं. "एक गंमत आहे. आम्ही हिल्केंच्या जुन्या फिती बघितल्या. त्यांची मान दांडा खाली झुकल्यावर वळते, वाळूच्या अगदी जवळ. यिल्डूची त्याच्या कितीतरी आधी. दोन्ही एक नाहीत."

"थोडा फरक असणारच. ती बाई आहे."

"आणि थोड्या उड्यांत तिची मान वळतच नाही. जून महिन्यातल्या एका संध्याकाळी, आणि हिल्केंच्या गावी. त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"मी काय कॅमेऱ्याच्या आड येते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नव्हे."

"मग कसं?"

ती लाल झाली आणि कॉफी प्यायला लागली. शहरातली माणसं अशीच, अर्धं बोलतात आणि अर्धं कपात सांडतात. मला ती संध्याकाळ आठवते. वाटाण्याचं सूप गॅसवर राहिलं होतं म्हणून मी घरी पळाले होते. त्या दिवशी ऊन डाव्या बाजूनं डोळ्यांवर येत होतं. त्या उन्हात कोण मान वळवेल? एवढी साधी गोष्ट विद्यापीठात कळत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

शेवटचा मोठा सराव. सोळा चाळीस, सोळा तीस, सोळा पंचवीस. प्रत्येक वेळी मान. तिसऱ्यांदा मी ओरडले, अख्ख्या काठासमोर. म्हटलं, "बापाचीच आहेस, बापाकडे जा." ती वाळूत बसून पायांच्या पट्ट्या सोडत होती. वर बघितलंही नाही. पट्टीच्या आतून गुलाबी पाणी येत होतं.

डुर्क म्हणाला, "जास्त झालं, वित्स्के."

मला माझीच शिसारी आली, पण ती तरी कुणाला दाखवू?

१८ ऑगस्ट, रविवार

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

मोठी स्पर्धा यंदा आमच्याच कालव्यावर. दोन्ही काठांवर माणसं, धुरावलेल्या ईल माशांचा तेलकट धूर, लाउडस्पीकर. मी माझ्या जागेवर गेले तर पंपाच्या खोलीजवळ घडीच्या खुर्च्यांची रांग. हिल्के, रूली, रूलीची बहीण आणि ती कुत्री. माझा दुधाचा कॅन त्यांनी टेबल म्हणून घेतला होता, त्यावर माशाची कातडी आणि काटे.

"वित्स्के, ये की, जागा करते," रूली म्हणाली आणि कुत्रीचं ताट उचललं. माणसांचं ताट, कुत्रीचं.

"बस गं," हिल्के म्हणाला. "आज तरी एकत्र बघू पोरीला."

"तुम्ही बघा. पंधरा वर्षं मी बघितलंय."

पुलावरून मी उजव्या काठावर गेले आणि अनोळखी लोकांत उभी राहिले. यिल्डूला सांगितलं नाही. तीन उड्या असतात, त्यातली सगळ्यात लांब धरतात.

पहिल्या उडीला ती फळ्यांवर उभी राहिली आणि पंपाच्या खोलीकडे बघितलं. तिथं खुर्च्या. खूप वेळ उभी राहिली. पंचांनी शिट्टी मारली तेव्हा कशीबशी धावली. चढली, मान डावीकडे वळली आणि वळलेलीच राहिली, काहीतरी हरवल्यासारखी त्या काठावरून फिरत राहिली. हात चढायचे थांबले. ती वाळूच्या अलीकडेच पाण्यात गेली. उडी बाद. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "बापाला शोधत होती बिचारी." बाप तर समोरच बसला होता, दोन्ही हात हलवत. तेव्हाच मला चमकायला हवं होतं.

ती पाण्यातून बाहेर आली, चिखलानं काळी, आणि उजव्या काठानं परत यायला लागली. गर्दीत मला पाहिलं. थांबली. हात थोडासा वर केला. मीही केला.

दुसरी उडी. आता ती उजवीकडे वळून माझ्याकडे बघून मगच धावली. झेप चांगली, चढणं त्याहून चांगलं. दांडा सरळ उभा झाला, ती शेंड्याशी पोचली आणि मान फिरली. उजवीकडे.

बापाची मान उजवीकडे कधी वळली नाही. या काठावर बिअर नव्हती, पोरी नव्हत्या. या काठावर फक्त मी होते.

आणि तो चेहरा मी ओळखला. रोज बघते तो. बँडेज सोडताना माणसं माझ्या तोंडाकडे बघतात ना, कितपत वाईट आहे ते कळावं म्हणून, तसा. तेवढ्या वरून, तेवढ्या घाईत, पोरगी मला विचारत होती. मी माझ्या तोंडाला हात लावून पाहिला. ओठ मुडपलेले, नाक वर चढलेलं, गालाला घट्ट घडी. बोटेमाबाईंच्या सडक्या अंगठ्यासमोर मी हे तोंड कधी केलं नाही. परक्यांसाठी बशी, आणि लेकीसाठी हे.

सोळा मीटर पन्नास. पाचवी.

शेवटच्या उडीला वेळ होता. मी चेहरा सरळ करून बघितला, रोज करते तसा. जमेना. कामावर जमतं, तिथं जमेना. मग मला एकच सुचलं. यिल्डू कपडे बदलायच्या तंबूतून बाहेर आली तेव्हा मी तिच्यापाशी गेले.

"मी ही उडी बघणार नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. "रागावलीस?"

"नाही. शोधू नकोस मला. मी कुठल्याच काठावर नाहीये."

"मग कुठं असशील?"

मी आजूबाजूला बघितलं. गर्दी नसलेली एकच जागा होती. "त्या संडासांच्या मागे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसू आलं तिला. "मेम, तू? तिथं?"

"जा आता. बोलावतायत."

फिरते संडास दुपारपर्यंत भरून वाहत होते. मागच्या बाजूला गवत ओलं होतं, कशानं ते बघितलं नाही. निळ्या औषधाचा वास, त्याखाली खरा वास. हंगामभर मी जितकं नाक मुरडलं असेल तितकं एकदम मुरडून मी तिथं कालव्याकडे पाठ करून उभी राहिले. तिथं कुणालाच माझं तोंड दिसत नव्हतं, हवं तसं करायला मोकळीक होती. लाउडस्पीकरवर तिचं नाव ऐकलं. मग फळ्यांवर पावलं वाजली, ती मी झोपेतही ओळखीन. मग काहीच नाही. दांडा कलत असताना सगळे गप्प होतात. पंधरा वर्षांत मला ठाऊकच नव्हतं की ते इतकं लांब असतं.

मग आरडाओरडा. सतरा मीटर अठ्ठेचाळीस. दुसरी.

ती धावत मागे आली, केसांत वाळू, दातांत वाळू. माझ्यासमोर येऊन थांबली. मी कसलं तोंड करावं हे मला कळेना, तर मी विचारलं, "कशी झाली?"

हा प्रश्न मी तिला आधी कधी विचारला नव्हता. मला नेहमी माहीतच असायचं. ती सांगायला लागली. सांगता सांगता गाडीपर्यंत आलो. मी प्लॅस्टिक शोधलं नाही. ती तशीच ओली सीटवर आडवी बसली आणि मी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. ट्यूबच्या पट्ट्या कातडीला चिकटल्या होत्या. टाच चांगली दोन बोटं चिरलेली, आत कालव्याचा गाळ, पू धरायला लागलेला. शी. इतकी घाण टाच बोटेमाबाईंचीसुद्धा नव्हती, आणि मे महिन्यापासून ती त्या टाचेवर धावत होती.

पट्टी सोडताना दुखलं असणार. पण ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. गाडीच्या छताकडे बघून, दोन्ही हात वर नेऊन, दांडा सरळ उभा झाला तेव्हा समोर काय दिसतं ते सांगत होती. वाळू दिसते म्हणाली. आणि वाळूच्या पलीकडे शेतं, गाई आणि एक लाल ट्रॅक्टर. तिला ते इतके दिवस माहीतच नव्हतं.

मी टाच धुतली.